बोंबील, बदक आणि निनावे



पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याला व्याख्यानांची सोबत लाभली. या व्यासपीठावर काल-परवा जे वक्ते बोलून गेले त्यांचे विषय भारदस्त होते. आमचा विषय ऐकून चिटणीस क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे पाककृती सांगणार का?" त्यांना आम्ही धीर दिला. पाककृती सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमच्या घरी तर चहाचे आधणही आम्हांस ठेवू देत नाहीत. आम्ही बोलणार आहोत ते पदार्थांच्या नावांविषयी. पदार्थ चुलीवर शिजतो आणि नाव माणसांच्या तोंडात शिजते, व त्यातही कधी कच्चे राहते, कधी करपते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका पाहुण्यामुळे. देशावरचे आमचे एक स्नेही चार दिवस राहावयास आले. गृहस्थ मटणाचे शौकीन, पण समुद्र त्यांनी चित्रातच पाहिलेला. पहिल्या दिवशी आमच्या घरातून त्यांना मोठ्या आदराने सांगण्यात आले, "भावोजी, आज मोरी आहे हं जेवायला." भावोजींनी न्हाणीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. त्यांना कसे ठाऊक असावे, की आपल्या किनाऱ्यावर लहान मुशीला मोरी म्हणतात आणि तिची आमटी बाळंतिणीलासुद्धा देतात! दुसऱ्या दिवशी हलवा आहे असे ऐकून त्यांची कळी खुलली. ताटात गोड येणार म्हणून त्यांनी भात बेताने घेतला, आणि वाढला गेला तळलेला काळा मासा. तिसऱ्या दिवशी सोड्याची खिचडी. तेव्हा मात्र त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "घरात कोणाला अपचन झाले आहे का? खिचडीत सोडा घालता ते?" सुकवलेल्या सोललेल्या कोलंबीला सोडे म्हणतात हे सांगेपर्यंत त्यांचा विश्वास उडाला होता. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी शेतावर पोपटीचे आमंत्रण दिले, तेव्हा ते एस.टी.चे वेळापत्रक पाहू लागले. पोपटीत पोपट नसतो, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजतात, हे पटवण्यास आम्हांस शेतापर्यंत त्यांचा हात धरून न्यावे लागले. तेथे मात्र त्यांनी शेंगांचा असा फडशा पाडला, की मडके दुसऱ्यांदा लावावे लागले.

हे झाले हसण्यापुरते. पण यातून आम्हांस एक प्रश्न पडला. आपण ज्या नावांना हसतो ती कोणी ठेवली, केव्हा ठेवली, आणि हसणारा कोण होता? शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की पदार्थाच्या नावाची जी गोष्ट फार गमतीची असते ती बहुधा खोटी असते. हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. चारचौघांत नाक कापून घेऊन शिकलो, आणि त्याची कबुली देण्यासाठीच आज या व्यासपीठावर उभे आहोत.

बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. डक म्हणजे बदक. या माशाचे आणि बदकाचे पाण्यापलीकडे काही नाते नाही. मग हे नाव आले कोठून? याची एक सुरेख गोष्ट सांगतात. इंग्रजी अमदानीत सुके बोंबील मुंबईहून कलकत्त्यास टपालगाडीने जात. त्या गाडीला 'बॉम्बे डाक' म्हणत. डब्यात असा दरवळ सुटे, की साहेब लोक कसलाही उग्र वास आला की "बॉम्बे डाकसारखा वास येतो" म्हणू लागले, आणि डाकेचे झाले डक. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्याच एका गावी आम्ही ही गोष्ट हातवारे करून सांगितली. लोक पोट धरून हसले. आम्हीही स्वतःवर खूश झालो.

व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. रेल्वेत जन्म घालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "गोष्ट छान सांगितलीत. पण एक विचारू का? मुंबईहून कलकत्त्यास सरळ गाडी केव्हा जाऊ लागली?" आम्ही गप्प. ते म्हणाले, "१८७० साली. आणि मुंबई-ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली. आता एवढे पाहा, की बोंबलाला हे नाव त्यापूर्वीचे आहे की नंतरचे. मला वाचनाची सोय नाही, तुम्हांला आहे." असे म्हणून नमस्कार करून ते गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. आम्ही विसरून गेलो असतो.

पुढे काही महिने आम्ही त्या एका प्रश्नाच्या मागे होतो. जे हाती लागले ते असे. १८२९ साली छापलेल्या इंग्रजी कवितांच्या एका पुस्तकात, सर टोबी रेनड्रॅग असे टोपणनाव घेतलेल्या लेखकाने, या माशाचा उल्लेख याच थट्टेच्या नावाने केलेला आहे. म्हणजे पहिली गाडी रुळावर येण्यापूर्वी चोवीस वर्षे हे बदक पोहत होते! डाकगाडीची गोष्ट एका तारखेने कोसळली. त्याही मागे जाता येते. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७३ साली मुंबईत आला होता. माझगाव ही कोळ्यांची मोठी वस्ती असून तेथे 'बंबेलो' नावाचा मासा मिळतो व गरीब लोक त्यावर गुजराण करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. बंबेलो म्हणजे आपला बोंबीलच. साहेबाच्या जिभेवर तो आल्याबरोबर त्याची मोडतोड झाली. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश काढला, त्यात या माशाला स्वतंत्र जागा आहे. त्याच कोशात आणखी एक मौज सापडते. कंपनी सरकारच्या नोकरीतले इंग्रज एकमेकांना चिडवीत. बंगालवाल्यांना म्हणत 'क्वी-हाय', कारण ते सारखे "कोई है?" म्हणून नोकराला हाका मारीत. मद्रासवाल्यांना म्हणत 'मल', कारण ते मिरपाण्याचे, म्हणजे मुलगतानीचे भोक्ते. आणि मुंबईवाल्यांना म्हणत 'डक'. म्हणजे माशाचे नाव साहेबाला चिकटले. बोंबलाने घेतलेला हा सूड आम्हांस फार आवडतो.

मग बदकच का? आमचे मत सांगतो, पटले तर घ्यावे. इंग्रजांत एक जुनी खोड आहे. गरिबाच्या ताटातल्या पदार्थाला श्रीमंताच्या शिकारीचे नाव द्यावयाचे आणि हसावयाचे. पावावर चीज भाजून घातले की त्याला 'वेल्श रॅबिट', म्हणजे वेल्सचा ससा म्हणतात; त्यात ससा नसतो. वेल्सच्या गरिबांना ससा कोठला परवडणार, असा तो टोमणा. अंडे आणि खारवलेली मासळी पावावर घातली की ते 'स्कॉच वुडकॉक', म्हणजे स्कॉटलंडचा रानपक्षी. यार्मथ बंदरातल्या हेरिंग माशाला म्हणत यार्मथचा कोंबडा. या मालिकेत मुंबईचे बदक बसवून पाहा, कसे चपखल बसते. फ्रायरने गरिबांचे अन्न म्हणून नोंदवलेला मासा, त्याचे साहेबाला न उच्चारता येणारे नाव, त्या नावात ऐकू येणारा मुंबईचा भास, आणि वर ही खोड. टपालगाडीची काही गरजच नाही.

आपल्याकडेही असली नावे नाहीत असे नव्हे. जुन्नर-नारायणगावकडे मासवडी करतात. बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचे सारण, वर झणझणीत रस्सा, आणि मासा औषधालाही नाही. पण या दोन थट्टांत आम्हांस फरक दिसतो. मासवडी हे नाव ती करणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसांनी स्वतःच ठेवले. 'बॉम्बे डक' हे नाव ठेवणाऱ्याने बोंबील कधी वाळत घातला नव्हता. वरसोली, थळ, नवगाव, आक्षी, रेवदंडा, कोठेही किनाऱ्याने जा. बांबूच्या मांडवावर दोऱ्या ताणून, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, हजारोंनी बोंबील टांगलेले दिसतील. पहाटे होड्या लागल्यापासून उन्हे डोक्यावर येईतो कोळणी हे काम करतात. मासा इतका मऊ आणि पाणीदार, की उशीर झाला तर हातात राहत नाही. अवकाळी पावसाची एक सर आली तर आठवड्याची मेहनत वाया जाते. त्या मांडवाखाली उभे राहून कोणी 'डक' म्हणून पाहावे! एका कोळणीला आम्ही ते नाव सांगितले. ती म्हणाली, "बदकाला काटा असतो का, दादा?" आणि पुन्हा कामाला लागली.

१९९७ मध्ये युरोपीय संघाने, हे सुके बोंबील उघड्यावर वाळवतात, मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नाहीत, या कारणाने त्यांची आयात बंद केली. इंग्लंडातल्या शौकिनांनी 'बॉम्बे डक वाचवा' अशी मोहीम चालवली आणि पुढे अटी घालून ती आयात पुन्हा सुरू झाली. १९९५ साली मुंबईचे इंग्रजी नाव बदलले. बदक अजून बॉम्बेचेच आहे.

हे सारे जमवून आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना सांगावयास गेलो, तर दोन महिन्यांपूर्वीच ते गेले होते. त्यांच्या सूनबाईंनी आम्हांस बसवून घेतले, आणि आम्ही कशासाठी आलो ते ऐकल्यावर म्हणाल्या, "मामंजी म्हणाले होते, एक व्याख्याते येतील. आले तर त्यांना जेवल्याशिवाय सोडू नका." त्या दिवशी पानात भाजलेले सुके बोंबील, भाकरी आणि पांढरा कांदा होता. तेव्हापासून एखादी गमतीची व्युत्पत्ती कानावर आली की प्रथम तारीख विचारावयाची, असे आम्ही ठरवले आहे.

आता तारखांचेच बोट धरून रेवदंड्यास जाऊ. चौलच्या खाडीतले आरमारी युद्ध १५०८ सालचे. पोर्तुगिजांचा तेथील अंमल १७४० पर्यंत टिकला. सव्वादोनशे वर्षांनंतर ते गेले. तटबंदी ढासळली, चर्चच्या भिंतींवर झाडे उगवली. पण दोन गोष्टी राहिल्या. एक, खाडीपलीकडच्या कोर्लई गावातली बोली. पोर्तुगिजातून निघालेली ही बोली तेथील ख्रिस्ती मंडळी आजही घरात बोलतात आणि तिला 'नोलिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्याआमच्या स्वयंपाकघरातली नावे. पाव हा पोर्तुगीज शब्द. तो पायाने मळतात म्हणून पाव, अशी व्युत्पत्ती आमच्या लहानपणी आम्हांस सांगितली जाई. ती सांगण्यामागे आम्हांस पाव खाण्यापासून परावृत्त करण्याचा हेतू होता. परिणाम उलटा झाला. त्याच पावाविषयी वडीलधारी माणसे दुसरीही एक गोष्ट खालच्या आवाजात सांगत. फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, आणि शेजारच्या गावांनी त्यांना परत घेतले नाही. ती खरी किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. पण पायाने मळलेल्या पावाच्या गोष्टीला आम्ही हसलो तसे या गोष्टीला हसता येत नाही. अन्नाच्या एका तुकड्यावरून माणसे माणसांना टाकत होती, एवढे तरी तीतून कळते.

बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, ही सारी त्याच जहाजातून उतरलेली नावे. पेरूची गंमत निराळी. पेरू देशातून आला म्हणून पेरू, असे शाळेत आम्हीही मुलांना सांगत असू. वस्तुतः पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. अमेरिकेतले हे फळ त्यांना आकाराने नासपतीसारखे वाटले, आणि त्यांनी तेच नाव त्याला दिले. या पेरूचा देश शोधावयाचा तर दुसरीकडे पाहावे लागते. अमेरिकेतूनच युरोपात गेलेला एक मोठा कोंबडा आहे. इंग्रज त्याला 'टर्की', म्हणजे तुर्कस्तानचा म्हणतात. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंचांच्या 'दँद' या नावाचाही अर्थ हिंदुस्थानचाच. आणि पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'! प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या अंगणातला ठरवला. बिचारा मूळचा अमेरिकेचा, आणि त्या पेरू देशाचाही नव्हे.

हापूस हे नाव आफोन्सू द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीच्या नावावरून आले, हे सर्वश्रुत आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा हाच. आफोन्सूचा आफूस, आणि आफूसचा आपण केला हापूस. पुढे एक 'ह' लावून त्याला देशी करून टाकला. पायरीचे नावही 'पेरेस' या पोर्तुगीज आडनावाशी जोडतात. आमचे एक शेजारी मात्र शपथेवर सांगतात, की हापूसच्या खालची पायरी म्हणून पायरी. त्यांची स्वतःची कलमे पायरीची आहेत, तरी ते असे म्हणतात. तेव्हा हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही.

मलिद्याची कथा आम्हांस या सर्वांत हृद्य वाटते. मराठीत 'मलिदा खाणे' म्हणजे काय ते येथे जमलेल्या सुजाण नागरिकांस सांगावयास नको. मूळ फारसी 'मालीदन' म्हणजे चोळणे, मळणे. पोळी कुस्करून तीत तूप-गूळ कालवून केलेला तो मलिदा; दर्ग्यात प्रसाद म्हणून तो वाटतात. आता नवगावकडे या. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश या किनाऱ्यावर वाढला. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. आडनावे पाहा: किहिमकर, नवगावकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. यांच्या घरी नवस फेडावयाचा असो की लग्नकार्य असो, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने एक ताट मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्यास खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्या ताटात असतात भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वेलची, आणि फळे. यात कुस्करलेले काही नाही, तरी नाव मलिदा. शब्द फारशी, पोहे आणि नारळ कोकणचे, प्रेषित इस्रायलचा, आणि प्रार्थनेनंतर वाढणारी आजी मराठीतच विचारणार, "आणखी घेतोस ना रे?" १९४८ नंतर या समाजातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. मलिद्याचे ताट तेथेही मांडले जाते आणि त्यासाठी जाड पोहे लागतात की पातळ, यावर तेथेही मराठीतून वाद होतात असे ऐकतो. आम्ही मात्र येथे राहून मलिदा या शब्दाचा अर्थ लाच असा करून ठेवला. नाव तेच, ताट वेगळे. यावर अधिक बोलत नाही.

सांबाराची गोष्ट आपण ऐकली असेल. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल लागे, ते कोकणातून जाई. एके दिवशी आमसूल संपले, आचाऱ्याने चिंच घातली, पंगतीस पाहुणे म्हणून संभाजीराजे होते, म्हणून त्या आमटीचे नाव सांभार. आमसुलाची महती वाढवणारी ही कथा आम्हां किनारपट्टीच्या लोकांना गोड वाटावी यात नवल नाही. पण तारीख विचारावयाची असे ठरले आहे ना? संभाजीराजांचा राज्याभिषेक रायगडावर जानेवारी १६८१ मध्ये झाला आणि मार्च १६८९ मध्ये त्यांचा वध झाला. मधली आठ वर्षे मोगल, जंजिऱ्याचा सिद्दी आणि चौलचे पोर्तुगीज यांच्याशी झुंजण्यात गेली. त्यांना तंजावरास जाऊन पंगतीस बसावयास फुरसत कोठली? संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेले साहित्य. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मसाल्याच्या जिनसांवरून आमटीचे नाव पडले, हेच सरळ दिसते. या रायगडच्या राजाचे मोठेपण एका वाटीभर आमटीवर अवलंबून नाही.

नावे फसवतात ती अशी कितीतरी प्रकारे. पेणला पापडाचे डांगर लाटतात आणि पोरे त्याच्या लाट्या पळवतात. देशावर डांगर म्हणजे लाल भोपळा. गुजराती माणसाला डांगर म्हटले तर तो भाताची साळ दाखवील. श्रीखंड हा संस्कृतात चंदनाला शब्द. 'शिखरिणी' हे सतरा अक्षरांचे वृत्त, आणि संस्कृतात दही-साखरेच्या एका मसालेदार पदार्थाचेही तेच नाव. आपण दुधात केळे कुस्करून त्याची शिकरण केली. पूजेतले पंचामृत तीर्थ म्हणून तळहातावर घ्यावे, आणि लग्नातले पंचामृत मिरच्या-चिंचेचे असते. ते कोणा भाविकाने डोळे मिटून तळहातावर घेतल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. जिलेबी अरबांची, सतराव्या शतकातल्या 'भोजनकुतूहल' या ग्रंथात रघुनाथ पंडिताने तिला संस्कृत नाव दिले 'कुंडलिका'. आपली कुंडलिका रोह्याहून रेवदंड्यास येते, वळणे तशीच घेते, आणि शेवटी खारट होते. दडपे पोहे वजनाखाली दडपून ठेवतात म्हणून दडपे. येथे नाव आणि कृती यांत काडीचाही लपंडाव नाही. आणि अळूचे फदफदे, गोव्याकडचे खतखते, ही तर भांड्यानेच ठेवलेली नावे! चुलीवर जो आवाज झाला तो बाईने उचलला. या नावांना कोशकाराची गरज लागली नाही.

कोशकारांवरून आठवले. शब्दांच्या मुळाशी जाण्याचे वेड ज्यांना होते ते इतिहासाचार्य राजवाडे १८६३ मध्ये आपल्याच पेण तालुक्यातील वरसईस जन्मले. त्यांच्या काही व्युत्पत्ती पंडितांना पटल्या नाहीत. पण जुन्या कागदांसाठी गावोगाव पायी हिंडण्याची त्यांची तयारी होती. स्वयंपाकघरात मात्र त्यांच्यासारखे कोणी हिंडले नाही. तेथे कागद नव्हते, आणि ज्यांना माहिती होती त्यांना कोणी विचारीत नव्हते.

आता शेवटच्या पदार्थाकडे येतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात एक गोड पदार्थ करतात. हरभऱ्याच्या डाळीचे आणि गव्हाचे पीठ तुपात भाजावयाचे, नारळाचे दूध आणि गूळ घालून शिजवावयाचे, वेलची-जायफळ घालून खाली-वर निखारे ठेवून खरपूस करावयाचे, आणि वड्या पाडावयाच्या. वालाचे बिरडे, शेवळाची भाजी, खाजाचे कानवले अशी ठसठशीत नावे देणाऱ्या या मंडळींनी याचे नाव ठेवले निनावे. ज्याला नाव नाही ते! कोणी म्हणतात, पहिल्यांदा जिने केले तिला पंगतीतून विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "नाव नाही ठेवलेले." गोष्ट गमतीची आहे, तेव्हा खोटी असण्याचा संभव आहे; तारीखही मिळणार नाही. पण शब्द समोर आहे आणि त्याचा अर्थ लपलेला नाही.

आमच्या आत्याच्या हातचाही एक पदार्थ होता. आषाढात, फणस संपत आल्यावर, ती आठळ्या उकडून ठेची, तांदळाच्या कण्यांत शिजवी आणि वरून नारळाचे दाट दूध सोडी. त्यात हिरवी मिरची होती एवढे आठवते; आणखी एक पाला होता, तो आठवत नाही. आम्ही त्याला नुसते 'ते' म्हणत असू. "आत्या, आज ते कर ना." तीही म्हणे, "करते." तिचे नाव आम्ही कधी विचारले नाही. आता आम्ही पाच भावंडे आहोत आणि पाच जणांची पाच मते आहेत. एकाचे म्हणणे त्याला नावच नव्हते. धाकटी बहीण म्हणते, नाव होते, आत्या ते जात्यावर बसून एकदा म्हणाली होती, पण आपण पोरे तेव्हा भांडत होतो.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर आम्ही एक वही आणि पेन्सिल ठेवली आहे. या सभेत श्रीवर्धन-मुरुडपासून उरण-पेणपर्यंतच्या माहेरवाशिणी आणि सासुरवाशिणी बसल्या आहेत. ज्यांना आठळ्या-कण्यांच्या या पदार्थाचे नाव ठाऊक असेल त्यांनी ते लिहावे. नसेल तर आपल्या घरचे दुसरे एखादे, जे कोणत्याही पुस्तकात नाही असे वाटते, ते लिहावे. गावाचे नाव घालावे, आणि ज्या बाईकडून शिकलात तिचे नाते. गोष्ट नसली तरी चालेल. दिवे जाण्याची वेळ होत आली आहे, तेव्हा अगोदर मागच्या रांगेतल्या आजींना वाट द्या.